चष्मा उतरवावा, पण कोणत्या वाटेने?

या सदरात आम्ही एरवी दीड स्तंभात मावेल एवढेच लिहितो. दिवाळी अंकात मात्र संपादक हात थोडा सैल सोडतात. म्हणून वर्षभर ज्या विषयावर वाचकांची पत्रे येत राहिली आणि जो दीड स्तंभात कोंबला असता तर फायद्यापेक्षा घोटाळाच अधिक झाला असता, तो विषय आज घेतला आहे. विषय आहे लेसरने चष्मा घालवण्याचा. आणि त्यातही ज्यांना तपासणीनंतर ‘तुमचा कॉर्निया पातळ आहे’ असे सांगण्यात येते, त्यांच्यापुढे पडणाऱ्या कोड्याचा. पत्रांना उत्तर द्यावे असे मनात होतेच. पण मे महिन्यात हे कोडे आमच्याच घरात येऊन बसले आणि मग उत्तर शोधल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

झाले असे की, एका रविवारी सकाळी आमची ताई पार्ल्याहून आली ती हातात एक रंगीत कागद घेऊनच. ‘चष्म्याला कायमचा रामराम’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते आणि खाली महिनाअखेरपर्यंतची सवलत. मागोमाग आमची भाची. वय पंचवीस, नोकरी ठाण्याला, आणि नाकावर सहावीपासूनचा चष्मा. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सहा.

“हिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात करायची आहे,” ताई म्हणाली. “त्याआधी हे एकदा उरकून टाकू. फोटोत चष्मा नको.”

“मामा, मला फोटोसाठी नकोय काही,” भाची म्हणाली. “पावसात लोकलमधून उतरते ना, तेव्हा काचा पुसायला ओढणीचं एक कोरडं टोक उरत नाही. जिन्यावर अंदाजाने पाय टाकते. मला त्याचा कंटाळा आलाय.”

कारणे दोघींची दोन असली, तरी मुक्काम एकच होता. दोघी आदल्या दिवशी त्या ठिकाणी जाऊनही आल्या होत्या. तासाभरात तपासणी झाली, हातात कागद पडला. त्यावर कॉर्नियाची जाडी लिहिली होती ४७८. तिथल्या टेबलावरच्या मुलीने तो आकडा पाहून म्हटले, “थोडा पातळ आहे, पण बसेल.” शिवाय, आजच आगाऊ रक्कम भरलीत तर सवलत पक्की.

ते ‘बसेल’ आमच्या कानाला खटकले. शिंप्याने ब्लाउजच्या कापडाविषयी ‘बसेल’ म्हणावे, ते ठीक. कापड कमी पडले तर बाजारात आणखी मिळते. डोळ्याचे तसे नाही. भाऊजींनाही तेच वाटत असावे, कारण ते गप्प होते; आणि भाऊजी गप्प असले म्हणजे त्यांचे मत विरुद्ध असते, हे आम्हाला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. शेवटी, पैसे भरण्यापूर्वी आणखी एका जाणत्या माणसाला दाखवावे असे ठरले. आमच्या परिचयाच्या एक नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आहेत. फारशी जाहिरात न करणाऱ्या आणि रोग्याला समोर बसवून कागदावर आकृती काढून समजावणाऱ्या. त्यांच्याकडे आम्ही चौघे गेलो. पुढे जे लिहितो आहे ते बहुतेक त्या टेबलावर झालेले शिक्षण आहे.

प्रथम डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले, “तपासणीच्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या होत्यास?”

“सकाळी ऑफिसात होत्या. तिथे गेल्यावर काढल्या.”

“मग हा कागद बाजूला ठेव. दोन आठवडे लेन्स घालायच्या नाहीत, फक्त चष्मा. त्यानंतर पुन्हा ये.”

लेन्स कॉर्नियावर टेकलेली असते, त्यामुळे त्याचा आकार तात्पुरता थोडा बदलतो आणि मोजमाप चुकते. मऊ लेन्स असेल तर एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक दिवस ती बंद ठेवून मगच खरे माप घ्यायचे असते. ज्या ठिकाणी हा प्रश्नच विचारला जात नाही, तिथून वाचकांनी उठून यावे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

आता हा कॉर्निया म्हणजे काय, ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक आवरण असते ते कॉर्निया. मराठीत त्याला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिनी एकही नसते. असती तर पारदर्शकता राहिलीच नसती. बाहेरून येणारा प्रकाश वळवून आत दृष्टिपटलावर आणण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हीच काच करते. उरलेले काम आतले भिंग करते. ज्यांचा नंबर उणे असतो, त्यांच्या डोळ्यात प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतो. तेव्हा या काचेचा मधला भाग किंचित सपाट केला, की प्रकाश मागे सरकतो आणि चष्म्याचे काम कॉर्नियाच करू लागतो. लेसरची सारी विद्या एवढीच: मधून थोडे द्रव्य काढायचे आणि काच सपाट करायची.

हे द्रव्य येते कुठून? कॉर्नियाच्याच जाडीतून. ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॉर्नियाची मधली जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. वरची त्वचा सुमारे ५० मायक्रॉन. ती निघाली तरी काही दिवसांत पुन्हा उगवते. तिच्याखालचा जाड थर म्हणजे खरा कॉर्निया. चिरोट्याला जसे पदर असतात तसे त्यात दोनशेहून अधिक पदर एकावर एक रचलेले असतात. हे पदर एकदा गेले की परत येत नाहीत. आणि यांतले वरचे पदर खालच्यांपेक्षा अधिक घट्ट विणलेले असतात. डोळ्याच्या आतल्या दाबाला तोंड देण्याचा मोठा भार त्यांच्यावर असतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

हे द्रव्य इतक्या नेमकेपणाने काढता येईल, हे प्रथम कसे कळले, त्याची हकीकत सणाच्या दिवशी सांगण्याजोगी आहे. मद्रासमध्ये १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. एक्सायमर नावाचा अतिनील किरणांचा लेसर प्लॅस्टिकवर सुबक रेषा कोरतो, मग सजीवाच्या मांसावर काय करील, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन घरच्या मेजवानीत उरलेला टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन आले. त्यावर लेसर सोडला, तर कडा स्वच्छ कापली गेली आणि आजूबाजूचा भाग करपला नाही. पुढे १९८३ साली न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी तोच लेसर कॉर्नियावर कसा चालतो ते दाखवले. या लेसरचा एक ठोका सुमारे पाव मायक्रॉन द्रव्य उडवतो. उरल्यासुरल्या फराळातून शास्त्र निघाले म्हणायचे!

दोन आठवड्यांनी भाचीची पुन्हा तपासणी झाली. उजवा डोळा ४७८, डावा ४८१. म्हणजे पहिला आकडा योगायोगाने बरोबरच होता. ताईचा चेहरा पडला. “मग हिचा डोळा अधू आहे का हो?” तिने विचारले.

“जाडी कमी असणं म्हणजे रोग नव्हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणी उंच असतो, कुणी बुटका, तसंच हे. आपल्याकडे पातळ कॉर्निया पुष्कळांचा असतो. मी आधी नकाशा बघते, मग आकडा.”

हा नकाशा म्हणजे कॉर्नियाच्या उंचसखलपणाचे रंगीत चित्र. यंत्र कॉर्नियाची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू मोजते आणि सर्वांत पातळ जागा कुठे आहे तेही दाखवते. पातळ जागा मध्याच्या जवळ असेल, दोन्ही डोळ्यांचे नकाशे आरशात पाहिल्यासारखे जुळत असतील, तर पातळ कॉर्नियाही निरोगी असू शकतो. उलट जाडी ५४० असूनही नकाशात खालची बाजू फुगीर दिसली, तर लेसरला हात जोडावेत. कारण ती कदाचित केरॅटोकोनस नावाच्या रोगाची सुरुवात असते. यात कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो. डोळे खाजणाऱ्या, सतत चोळणाऱ्या मुलांत अधिक दिसतो.

आमच्याच इमारतीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो म्हणून कंटाळून तोही लेसरसाठी गेला होता. नकाशात रोग सापडला. लेसर तर राहिलाच, उलट रोग पुढे सरकू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर दुसराच उपचार झाला. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-दोन जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडायचे, म्हणजे कॉर्नियाचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ही पद्धत तयार झाली आणि २००३ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या मुलाला कुणी नकाशा न काढता ‘बसेल’ म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार नकोसा वाटतो. घरात मुले डोळे चोळीत असतील तर त्यांना दटावून सोडून देऊ नका. ॲलर्जीचे औषध आणा.

भाचीचे दोन्ही नकाशे स्वच्छ निघाले. गेल्या दीड वर्षात नंबरही बदलला नव्हता. नंबर निदान वर्षभर स्थिर असावा आणि वय अठरा पूर्ण असावे, ही पहिली अट तिने पार केली होती. मग डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला आणि वाण्याच्या हिशेबासारखा हिशेब मांडला.

ढोबळ नियम असा की, साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग सपाट करायचा, तर दर एक नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन द्रव्य काढावे लागते. सहा नंबराला ८४. हा खर्च कोणत्याही लेसरमध्ये चुकत नाही. फरक पडतो तो त्या जागेपर्यंत पोहोचण्याच्या खर्चात.

लेसिकमध्ये आधी कॉर्नियाचा वरचा एक पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेसर चालवतात आणि पान पुन्हा मिटतात. दुखत जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी माणूस वर्तमानपत्र वाचतो. म्हणूनच ती एवढी लोकप्रिय झाली. आजच्या चांगल्या यंत्रांनी पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉनचा काढता येतो. पण तो मिटला तरी पूर्वीच्या ताकदीने पुन्हा कधीच जुळत नाही. त्याचा आधार गेला तो गेलाच. म्हणजे ४७८ मधून ११० वजा, ८४ वजा. खाली उरले २८४. निदान २५० मायक्रॉन तरी खाली शिल्लक हवेत, हा जुना नियम. पुष्कळ सावध डॉक्टर आता ३०० धरतात. शिवाय आणखी एक माप पाहतात: पापुद्रा आणि काढलेले द्रव्य मिळून एकूण जाडीच्या शेकडा ४० च्या आत असावे. इथे ते होते १९४, म्हणजे चाळिसाच्या किंचित वर.

“म्हणजे त्या मुलीचं ‘बसेल’ खोटं नव्हतं,” भाऊजी प्रथमच बोलले.

“खोटं नव्हतं. जुन्या नियमात बसतंच. पण काठावर. आणि काठावर कशाला उभं राहायचं?”

काठावरून पाय घसरला तर जे होते, त्याला इक्टेशिया म्हणतात. आधार कमी पडलेला कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबाने काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पुढे फुगू लागतो आणि दृष्टी बिघडते. लेसिकनंतरचे असे रोगी १९९८ साली जर्मन डॉक्टर थिओ झायलर यांनी प्रथम नोंदवले. हे फार थोड्यांच्या बाबतीत घडते हे खरे. पण ज्याच्या बाबतीत घडते, त्याला तो थोडेपणा उपयोगी पडत नाही.

भाची हुशार. तिने विचारले, “साडेसहाऐवजी सहाच मिलिमीटर सपाट केलं तर?”

“तर दर नंबराला १२ च लागतील आणि खाली २९६ उरतील. कागदावर छान दिसेल. पण रात्री तुझी बाहुली मोठी झाली की कडेचा प्रकाश त्या गोलाबाहेरून येणार. मग प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसणार. आकडा सांभाळायला नजर कशाला बिघडवायची?”

दुसरी वाट स्माइल. तिच्यात पान उलटत नाहीत. लेसरनेच कॉर्नियाच्या पोटात एक पातळ चकती कोरतात आणि दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून ती ओढून काढतात. जर्मनीत निघालेली ही रीत अमेरिकेत २०१६ साली मान्य झाली, आणि आपल्याकडे आता मोठ्या शहरांतून सर्रास होते. मोठा पापुद्रा नसल्यामुळे तो सरकण्याची भीती नाही आणि डोळ्यांचा कोरडेपणाही लेसिकपेक्षा कमी राहतो. वरचे घट्ट पदर बव्हंशी अखंड राहतात, म्हणून पातळ कॉर्नियाला हीच उत्तम, असे काहीजण म्हणतात. पण हिशेब इथेही मांडावा लागतो. वरचे छप्पर १२० मायक्रॉन. आणि चकती हाताळता यावी म्हणून ती जरुरीपेक्षा दहा-पंधरा मायक्रॉन जाड काढावी लागते, म्हणजे सुमारे ९९. खाली उरले २५९. छप्पर लेसिकच्या पापुद्र्यापेक्षा मजबूत हे मान्य केले, तरी एवढ्यावर डॉक्टरीणबाई राजी नव्हत्या. स्माइलनंतरही इक्टेशिया झाल्याच्या नोंदी आहेत, असे त्यांनी सांगितले. नवे आणि महाग म्हणून निर्धोक, असे काही नाही.

तिसरी वाट सर्वांत जुनी: पी.आर.के. अमेरिकेत १९९५ साली, म्हणजे लेसिकच्याही आधी, ती मान्य झाली. हिच्यात पापुद्रा नाही, चकती नाही. वरची ५० मायक्रॉनची त्वचा तेवढी दूर करायची आणि थेट वरूनच ८४ मायक्रॉन काढायचे. त्वचा पुन्हा उगवते. खाली उरतात ३४४. पातळ कॉर्नियासाठी हिशेबात ही वाट सरस ठरते. जाहिरातीत हिचीच ‘स्पर्शविरहित’, ‘ब्लेडविरहित’ अशी नवी बारशी झालेली दिसतात. काही यंत्रांत त्वचाही लेसरच काढतो, एवढाच फरक.

मग सगळे हीच का करीत नाहीत? कारण हिची किंमत रोग्याला दुःखाच्या रूपात द्यावी लागते. त्वचा भरून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळ्यांची आग होते. नजर स्वच्छ व्हायला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. आणि नंबर मोठा असेल तर कॉर्नियावर धुरकटपणा येण्याचा धोका राहतो. तो टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन नावाचे औषध काही सेकंद लावतात, आणि नंतर काही महिने उन्हात काळा चष्मा घालावा लागतो.

चौथी वाट लेसरची नाहीच. डोळ्याच्या रंगीत पडद्यामागे, आपल्या मूळ भिंगाच्या पुढे, एक अत्यंत पातळ कृत्रिम भिंग बसवायचे. त्याला आय.सी.एल. म्हणतात. कॉर्नियातून काहीच कमी होत नाही. ४७८ चे ४७८ राहतात. पुढे नको झाले तर भिंग काढताही येते. मोठ्या नंबराला आणि पातळ कॉर्नियाला ही वाट फार सोयीची. मात्र ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, दाब वाढणे, पुढे मोतीबिंदू लवकर होणे, हे धोके थोडे असले तरी आहेत आणि खर्चही मोठा.

ताईने इथे जीव टाकला. “मग हेच करू. दागिना एखादा कमी करू.”

पण भिंग बसायला आत जागा हवी. कॉर्नियाच्या मागच्या बाजूपासून मूळ भिंगापर्यंतची खोली साधारणतः २.८ मिलिमीटर तरी असावी लागते. उणे नंबराच्या डोळ्यांत बहुधा ती असते. भाचीच्या डोळ्यांत निघाली २.६. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. “हे दार बंद.”

राहिल्या दोन वाटा: पी.आर.के. आणि चष्मा. दुसरीचे नाव डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम घेतले. “चष्मा हा काही उपचारात नापास झालेल्यांचा वर्ग नव्हे. तो वाटेल तेव्हा काढता येतो, बदलता येतो, आणि त्याने कुणाचा कॉर्निया फुगल्याचं मी ऐकलेलं नाही. घाई कुणालाच नाही.”

त्या रात्री आमच्या घरी बराच खल झाला. ताई म्हणाली, “इतकं दुखणार असेल तर राहू दे. चष्मा चालेल म्हणणारं स्थळ बघू.” ताई असे म्हणेल यावर आमचा विश्वास बसला नाही, पण मुलीच्या दुखण्याचे नाव निघाले की आईचा फोटो आपोआप बाजूला पडतो. भाऊजींनी विम्याचे कागद काढले. आपल्याकडच्या आरोग्यविम्याच्या नियमाप्रमाणे साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च पॉलिसीत धरत नाहीत. म्हणजे सगळा खर्च खिशातूनच. निर्णय अखेर भाचीवरच सोडला. तिने आठ दिवस घेतले आणि मग म्हणाली, “मामा, चार दिवसांच्या आगीला मी भीत नाही. मला पुढची चाळीस वर्षं धाकधूक नको होती, म्हणून लेसिक सोडलं. हे करते.”

जुलैमध्ये शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. पंधरा-वीस मिनिटांचे काम. डोळ्यांवर पट्टीऐवजी संरक्षक लेन्स बसवून तिला घरी पाठवले. पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मात्र, पाच किलो कांदे एकाच वेळी चिरावेत तशी आग. खोलीत काळे पडदे, डोळ्यांतून अखंड पाणी, ताईच्या हातात थेंबांच्या बाटल्या आणि भिंतीवर वेळापत्रक. पाचव्या दिवशी लेन्स निघाली आणि आग थांबली. पण नजर धूसरच. दोन आठवडे तिला संगणकावर अक्षरे मोठी करून काम करावे लागले. “फसलं का ग?” असे ताई रोज विचारी. फसले नव्हते, त्वचा गुळगुळीत व्हायला वेळ लागतो, एवढेच. दीड महिन्याने तिने समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवली. नंतरच्या थेंबांतही स्टिरॉइड असते आणि त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणून तीन महिने तपासणीला जाणे तिने चुकवले नाही. बरे वाटू लागले की पुष्कळजण हेच चुकवतात.

जाता जाता चार गोष्टी, ज्या पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी कात्रण करून ठेवाव्यात. पहिली: तपासणीनंतर आपला आकडा, आपला नकाशा आणि ‘खाली किती उरणार’ हा हिशेब लेखी मागून घ्या. जो डॉक्टर तो आनंदाने देतो त्याच्याकडेच पुढे जा. दुसरी: शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व कागद, मूळ नंबरासह, आयुष्यभर जपा. लेसरनंतर कॉर्निया पातळ होतो, त्यामुळे डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. उतारवयात मोतीबिंदू काढून भिंग बसवताना नंबर काढायलाही हे जुने आकडे लागतात. तिसरी: नंबर गेला तरी लांबट झालेला डोळा तसाच राहतो. त्याच्या दृष्टिपटलाला भोक पडण्याचा धोका कायम असतो. तेव्हा पडदा तपासणे थांबवू नका. आणि चौथी: चाळिशी आली की वाचायचा चष्मा सर्वांनाच लागतो. ‘कायमचा रामराम’ असे चष्म्याला कुणीच करू शकत नाही. गरोदर असताना किंवा मूल अंगावर पीत असताना नंबर हलतो. त्या काळात हा विचार पुढे ढकलावा.

परवा भाची फराळाचे डबे घेऊन आली. गॅलरीत उभी राहून समोरच्या चाळीतले आकाशकंदील पाहत होती. आम्ही विचारले, “कसं दिसतंय?”

“स्पष्ट. पण अजून प्रत्येक दिव्याभोवती थोडं कडं दिसतं, मामा. कमी होईल म्हणतात.” मग हसून म्हणाली, “दिवाळीत ते शोभूनही दिसतंय.”

ताई आतून ओरडली, “डोळे चोळू नकोस ग!” भाचीने हात खाली घेतला. तिचा जुना चष्मा ताईने टाकलेला नाही. देवघराच्या फडताळात, शस्त्रक्रियेच्या कागदांवर तो वजन म्हणून ठेवला आहे. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा! पुढील आठवड्यापासून आम्ही पुन्हा आमच्या दीड स्तंभात.